इथला सोमवार, तिथला मंगळवार

सोमवारी रात्री इथे न्यू जर्सीत मी झोपायच्या तयारीत असते, तेव्हा वेंगुर्ल्यात मंगळवारची सकाळ झालेली असते आणि नानाकाकांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी नाही, पावसापाण्याची बात नाही. थेट, "काय गो बाय, बघलंस?" बघायचं असतं ते 'मंडे नाइट रॉ'. 1993 च्या जानेवारीत सुरू झालेला हा कुस्तीचा साप्ताहिक कार्यक्रम आमच्या पिढीला ट्रम्प कार्डांमुळे, म्हणजे पैलवानांची मापं छापलेल्या पत्त्यांच्या खेळामुळे, ठाऊक झाला. उंची, वजन, छाती, बायसेप्स. अंडरटेकर नावाच्या पैलवानाचं कार्ड हातात आलं की सुट्टीतली सगळी दुपार आपली. पण रॉ बघायचं कसं, ते मला नानाकाकांनी शिकवलं, आणि त्यांनी 2024 च्या आधी एकही मॅच पाहिली नव्हती.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी मी जत्रांसाठी महिनाभर घरी गेले होते. नानाकाका दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रांमध्ये रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्यात आहेत, साठी उलटली तरी. उभ्या आयुष्यात राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, कधी केली नाही, कायम खलनायक. रात्रीचा प्रयोग संपवून ते पहाटे घरी यायचे. कानामागे रंग तसाच, डोळे तांबारलेले, हातात चहाची कपबशी. आणि चुलतभावाचा नववीतला मुलगा साडेसहाला टीव्ही लावून बसलेला, कारण अमेरिकेतले सोमवारच्या रात्रीचे आठ म्हणजे थंडीच्या दिवसांत आपले मंगळवारचे सकाळचे साडेसहा. पहिल्या मंगळवारी काका नुसते टेकले. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

गोष्टच तशी होती. पैलवान कोडी रोड्सचे वडील डस्टी रोड्स, प्लंबरचा मुलगा म्हणून मिरवणारे, लोकांचे लाडके पैलवान. पण रॉ चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीचा सर्वोच्च विजेतेपदाचा पट्टा त्यांच्या कमरेला कधी लागला नाही. तो आणायचा म्हणून मुलगा उभा राहिला. 2023 च्या रेसलमेनियात, कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात, अगदी तोंडाशी आलेला घास गेला, पट्टा राखून असलेल्या रोमन रेन्सने त्याला पाडलं. 27 जानेवारी 2024 ला कोडीने 30 जणांची रॉयल रंबल सलग दुसऱ्या वर्षी जिंकली, म्हणजे रेसलमेनियात पट्ट्यासाठी लढायचा हक्क त्याचा. आणि आठवड्याच्या आत द रॉक, हॉलिवूडचा नट झालेला जुना पैलवान, येऊन त्याच्या जागी उभा राहिला. प्रेक्षक असे खवळले की गोष्ट वळवावी लागली. कोडी परत आला आणि रॉक खलनायक झाला.

"प्रेक्षकान वळवल्यान," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते रंगायला बसताना ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात, आणि समोरचा गाव जसा हलेल तसा प्रवेश लांबतो किंवा आवरतो. मृदंगवाला नटाच्या पावलाकडे बघत असतो, नट लोकांकडे. पुराणातलं कोण जिंकणार हे शेंगा विकणाऱ्या पोरालाही माहीत असतं, तरी माणसं थंडीत गोधडी पांघरून उजाडेपर्यंत बसतात.

म्हणूनच "अगं, ते सगळं खोटं असतं" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. निकाल ठरलेला असतो, हे खरं. पण रिंगची जमीन म्हणजे लोखंडी तुळयांवर प्लायवूड, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर कॅनव्हास. त्यावर पाठ आपटायची ती खरीच. काकांनी आवाजावरूनच ओळखलं, "फळयेखाली पोकळ आसा." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मारणाऱ्याचा काय नाय गो. मार खाणाऱ्याकडे बघ. तो पडता म्हणान हेचो हात मोठो दिसता." आयुष्यभर राजाच्या तलवारीखाली पडलेला माणूस हे सांगत होता. मी नंतर प्रत्येक मॅच तशीच बघितली, पडणाऱ्याकडे लक्ष ठेवून.

पुतण्याला घाई असायची. रोमनला आत्ताच का नाही बडवत? काका म्हणायचे, "हेका आजच मारून टाकल्यान तर पुढच्या मंगळवारी काय दाखवतले?" मला विचाराल तर रॉची सगळी करामत या वाक्यात आहे. रेसलमेनियाच्या दोन रात्री सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण त्या उभ्या राहतात आधीच्या दहा-बारा सोमवारांवर. एका सोमवारी नुसती नजरानजर. दुसऱ्या सोमवारी एक वाक्य. तिसऱ्या सोमवारी कुणीतरी मागून खुर्ची घालतो. हिशेब चुकता होत नाही, वाढत जातो.

मी मार्चमध्ये परतले. 25 तारखेच्या रॉमध्ये, शिकागोजवळ रोझमॉन्टला, रॉकने कोडीला इमारतीबाहेर पावसात रक्तबंबाळ केलं आणि त्याचं रक्त कमरेच्या एका साध्या पट्ट्याला (विजेतेपदाच्या नव्हे) पुसलं. पट्ट्यावर कोडीच्या आईचं नाव होतं. मी इथे सोफ्यावर, काका तिथे पडवीत. फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, "आता झाला. आवशीचा नाव इला. आता ह्येका पाडल्याशिवाय लोक घराक जावचे नाय." मला एकदम ती जत्रा आठवली, मी दहा-अकरा वर्षांची असतानाची. प्रयोगानंतर देवळाच्या पायरीवर एका म्हातारीने काकांना गाठून तोंडभर शिव्या घातल्या होत्या, त्या गरीब राणीला कित्याक छळलंस मेल्या म्हणून. काकांनी तिला वाकून नमस्कार केला. घरी येऊन आईला सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. खलनायकाला एवढंच हवं असतं.

रेसलमेनियाआधीचं शेवटचं रॉ 1 एप्रिलला ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये होतं. मी एकटी गेले, आगगाडीने. टीव्हीवर दिसत नाही ते सांगते: जाहिरात लागली तरी मॅच थांबत नाही. एकजण दुसऱ्याचं डोकं कवेत धरून बसून राहतो, दोघं दम घेतात, आणि वरच्या रांगेतली लहान मुलं तेवढ्यात घसा फोडून नावं घेतात. कोडी आला तेव्हा हजारो माणसांनी त्याच्या गाण्यातला हेल एका दमात उचलला. आमच्या जत्रेत पालखी बाहेर पडताना छातीत जे होतं, ते मला ब्रुकलिनमध्ये झालं. मी रडले.

7 एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीने रोमनला हरवलं. 1,316 दिवस टिकलेली सत्ता संपली. मध्येच अंधार झाला, घंटेचा टोला पडला, आणि अंडरटेकरने रॉकला गळ्याला धरून आपटलं. माझ्या कार्डांमधला अंडरटेकर! शेवटी कोडीची आई रिंगमध्ये आली.

वेंगुर्ल्यात सोमवारची सकाळ होती. फोन पुतण्याने लावला, मागे नुसता आरडाओरडा. तो सरल्यावर काकांनी फोन हातात घेतला. त्या रात्री त्यांचा शिरोड्याला प्रयोग होता.

"रडलंस काय गो?"

"हो."

"मीय रडलंय." थोडं थांबून ते म्हणाले, "पण उद्या परत आसा ना? मग आता खलनायक कोण?"