शिसं कुठे बांधायचं? मिल लॅक्सच्या तळ्यावर वॉलआय गरवताना

वॉलआय हा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा राज्य-मासा, १९६५ पासून. इथे त्याचं वेड किती आहे हे बाहेरच्यांना चटकन पटत नाही. मे महिन्यात हंगाम उघडतो तेव्हा राज्यपाल होडीत बसून गळ टाकतात, आणि ही प्रथा १९४८ पासून चालू आहे. ऑफिसात त्या शुक्रवारी दुपारनंतर कुणी सापडत नाही. मी मालवणजवळच्या देवबागची. कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर वाढले. त्यामुळे हे वेड मला कळायला वेळ लागला नाही, पण इथली गरवण्याची रीत मात्र नीट शिकून घ्यायची राहिली होती. बाबा जूनमध्ये आमच्याकडे आले आणि योग आला.

बाबा हातदोरीवाले. काठी नाही, रीळ नाही. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं, त्याच्या जरा वर गरी, गरीला कोळंबी. संध्याकाळी खाडीच्या मुखाशी उभं राहून तांबोशी काढणारा माणूस. त्यांना तळ्यावरची मासेमारी दाखवायची तर मिल लॅक्सच दाखवायचं, हे मी आधीच ठरवलं होतं.

मिनियापोलिसहून हायवे १६९ धरला की एल्क रिव्हर, प्रिन्स्टन, मिलाका, ओनामिया अशी गावं मागे पडत जातात. दीड-दोन तासांत उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं. पलीकडचा काठ दिसत नाही. 'ह्या तळा?' असं बाबांनी दोनदा विचारलं. तळंच, पण सुमारे ५३५ चौरस किलोमीटरचं. आणि एवढा पसारा असून सगळ्यात खोल जागी पाणी जेमतेम ४२ फूट. याच तळ्यातून रम नदी निघते आणि अनोका गावाशी मिसिसिपीला मिळते. गॅरिसन गावात काठावरच वॉलआयचा भला मोठा पुतळा आहे. तिथे फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आम्हीही नाही गेलो.

आमिषाच्या दुकानात बाबा रमले. फ्रीजमध्ये थर्माकोलच्या डब्यांतून मातीतली जाडजूड गांडुळं, टाक्यांमधून जिवंत छोटे मासे, आणि थंड पाण्याच्या डब्यात वळवळणाऱ्या काळ्या जळवा. जून-जुलैत मिल लॅक्सवर जळूसारखं आमिष नाही. ही माणसाचं रक्त पिणारी जळू नव्हे. रिबिन लीच नावाची ही जात पाण्यात फितीसारखी लहरत पोहते आणि गरीला लावल्यावरही पोहत राहते. तिच्या जाड टोकाला चूषक असतो, गरी तिथून ओवायची. बाबांनी एक उचलली, बोटावर फिरू दिली आणि म्हणाले, 'कोळंबीपेक्षा ब्येस. मरता नाय बेगीन.'

तिथेच त्यांच्यासाठी परराज्यातल्यांना मिळतं ते थोड्या दिवसांचं लायसन्स काढलं. त्या वर्षीचे नियम छापलेला कागदही घेतला. मिल लॅक्सचे वॉलआयचे नियम बाकीच्या राज्याहून वेगळे असतात आणि दर वर्षी बदलतात. किती मासे ठेवायचे, किती इंचांचे ठेवायचे, सगळंच. यामागे मोठा इतिहास आहे. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांनी १८३७ च्या करारात हा मुलूख अमेरिकेला दिला, पण शिकार आणि मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला. पुढे राज्याने तो हक्क मानला नाही. अखेर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ओजिब्वेंच्या बाजूने निकाल दिला. आता दर वर्षी किती वॉलआय काढणं सुरक्षित आहे याचा अंदाज बांधतात आणि तो वाटा राज्य आणि आठ ओजिब्वे जमाती यांच्यात विभागला जातो. तळ्याच्या पश्चिम काठावर त्यांच्याविषयीचं संग्रहालय आहे. मासेमारीला आलेल्यांनी तासभर काढून ते पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्या पाण्यात आपण गरी टाकतो, त्यांची ओळख तरी असावी.

गाईड आम्हाला दुपारी तीनला धक्क्यावर भेटला. सत्तरीकडे झुकलेला, कमी बोलणारा. बाबांना इंग्रजी जेमतेम, त्याला मराठी शून्य, पण पहिली गरी बांधून होईपर्यंत दोघांचं जमलं होतं.

तळ्याच्या मधोमध चिखलाचे सपाट उंचवटे आहेत. भोवतालचं पाणी तीस फुटांच्या वर खोल, आणि उंचवट्यांवर वीस-पंचवीस फूट. या चिखलात मेफ्लाय नावाच्या किड्याच्या अळ्या बिळं करून राहतात. जूनमध्ये त्या बाहेर पडायला लागतात आणि वॉलआय त्यांच्यावर तुटून पडतो. म्हणून उंचवट्याच्या कडेकडेने होडी न्यायची. गाईडने पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून दाखवलं : तळाची जाड रेघ आणि तिला चिकटून बारीक कमानी. ते मासे.

इथे त्याने लिंडी रिग बांधला. रिग म्हणजे शिसं, तंगूस आणि गरी यांची मांडणी. हा रिग याच भागातल्या ब्रेनर्ड गावच्या लिंडनर बंधूंनी १९६० च्या दशकाच्या अखेरीला लोकांपुढे आणला आणि सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला. मांडणी सोपी. मुख्य तंगुसात शिसं ओवायचं, पण गाठ मारायची नाही. ते सुट्टंच सरकत राहिलं पाहिजे. त्याखाली छोटं स्विव्हल, म्हणजे फिरती कडी; शिसं तिथे अडतं. स्विव्हलपासून पुढे तीन ते सहा फूट बारीक तंगूस, आणि टोकाला सहा किंवा आठ नंबरची इवलीशी गरी. शिशाचा आकार चपलेच्या तळव्यासारखा, पुढून जरा वर वळलेला, त्यामुळे ते तळावर अडकत नाही, चालत जातं.

बाबांनी रिग हातात घेतला, शिसं वरखाली सरकवून पाहिलं आणि माझ्याकडे वळले. 'ह्येनी शिसा मोकळा सोडल्यान!'

सगळी मेख तिथेच आहे. वॉलआय हिसका मारत नाही. तो आमिषाजवळ येतो, तोंड आणि कल्ले एकदम उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढतो. त्या क्षणी त्याला ओझं जाणवलं की तितक्याच वेगाने थुंकतो. शिसं मोकळं असलं की मासा आमिष घेऊन निघतो तेव्हा तंगूस शिशातून सरकतं, शिसं तळावरच राहतं, आणि माशाला काहीच कळत नाही. मला त्या दिवशी उमगलं ते एवढंच, आणि पुढे जे जे रिग पाहिले ते याच सूत्राने उलगडत गेले : शिसं कुठे ठेवलं की माशाला त्याचा भार लागणार नाही?

होडी माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही सावकाश, ताशी एक मैलाच्या आत. रिळाची बेल, म्हणजे तंगूस अडवणारी तार, उघडी, तंगूस तर्जनीवर धरलेलं. चिखलावर शिसं ओढलं जातं ते बोटाला मऊ लागतं, खडा आला की टकटक. मासा लागला की 'टक्' असं एकदाच होतं, किंवा नुसतं जड वाटतं. मग बोट सोडायचं. तंगूस सुटू द्यायचं. पाच-दहा सेकंद थांबून सैल तंगूस गुंडाळायचं, वजन जाणवलं की काठी लांबवर ओढत न्यायची. हिसडा नाही.

हे शब्दांत वाचून येत नाही, पण बाबांना सांगावंच लागलं नाही. आयुष्यभर तंगूस बोटावरच धरलेलं. पहिली टकटक त्यांच्या बोटाला कळली, काठीचं टोक तेव्हा हललंही नव्हतं. गाईडने तोंड उघडायच्या आत त्यांनी बोट सोडलं होतं. 'माशाक वजन कळता नये, इतक्याच,' म्हणाले, आणि थोड्या वेळाने काठी वाकली.

मासा वर आला तेव्हा मी नीट पाहिला. पाठ हिरवट सोनेरी, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. तोंडात अणकुचीदार दात, पाठीवरचा पहिला पर काट्यांचा, कल्ल्याची कडही धारदार, म्हणून पकडताना जपून. डोळे मात्र विसरता येणार नाहीत असे : दुधाळ, काचेसारखे. डोळ्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. भर उन्हात तो खोलात किंवा सावलीत बसतो, आणि सांजसकाळी, ढगाळ हवेत किंवा वाऱ्याने पाणी खवळलं की खायला निघतो. आपण ज्या हवेला 'आज नको' म्हणतो, तीच इथे सगळ्यात चांगली मानतात. मिल लॅक्समध्ये २००५ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. हे परके शिंपले पाणी गाळून गाळून नितळ करतात, आणि नितळ पाण्यात वॉलआयच्या मागावर राहायचं तर सांज-सकाळ आणखीच महत्त्वाची ठरते.

सातच्या सुमारास वारा वाढला आणि गाईडने होडी खडकाळ उथळाकडे वळवली. जूनमध्ये इथे नऊपर्यंत उजेड असतो. आता रिग बदलला, स्लिप बॉबर. यात बॉबर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा बोंडा, तंगुसावर सरकता असतो. तंगुसावर दोऱ्याची एक बारीक गाठ असते, ती हव्या त्या खोलीवर सरकवून ठेवायची. फेकताना बॉबर खाली गरीपाशी असतो, म्हणून फेक सोपी जाते, आणि पाण्यात पडल्यावर तंगूस बॉबरमधून सरकत जातं ते गाठीशी अडेपर्यंत. शिसं अगदी मुगाच्या दाण्याएवढं, गरीच्या हातभर वर. जळू खडकाच्या फूटभर वर लहरत राहते, आणि लाटा बॉबरला वरखाली करतात तशी तीही नाचते. खडकाच्या फटींत लिंडीचं शिसं अडकलं असतं, म्हणून इथे ते तळाला टेकवायचंच नाही.

बॉबर बुडाला. मी काठी उचलायला गेले तेवढ्यात बाबा म्हणाले, 'बाय, घाय करू नको.' आधी सैल गुंडाळलं, मग ओढलं. मादी होती, चांगली हातापेक्षा लांब, त्या वर्षीच्या मापाबाहेरची. पाण्यातच गरी काढून सोडली. अशा मोठ्या माद्याच तळ्याची पुढची पिढी घालतात. गरी घशात खोल गेली असेल तर उपटायची नाही, तंगूस कापून मासा सोडायचा, हे गाईडने बजावून सांगितलं. उन्हाळ्यात पाणी तापलं की सोडलेले मासेही जास्त मरतात. आणि तीस फुटांहून खोलातून काढलेल्या माशाचं तर फुगलेल्या पोटामुळे जगणंच अवघड, म्हणून ठेवायचे नसतील तर तेवढ्या खोलात गरवूच नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता आणि गाईडने बॉटम बाउन्सर काढला. काटकोनात वाकवलेली तार, तिच्या खालच्या पायावर शिसं, आणि मागे तीन-चार फुटांवर मणी, फिरणारं पातं, दोन गऱ्या, त्यांना लांबच्या लांब ओवलेलं गांडूळ. दहा फूट खोलीला साधारण एक औंस शिसं, हा हिशेब. होडीचा वेग लिंडीपेक्षा जास्त, ताशी मैलभर किंवा वर. इथे शिसं पुढे तळावर टेकत जातं आणि आमिष मागे मोकळं राहतं. गोल कोलोरॅडो पातं गढूळ पाण्यात थडथड करतं, ते माशाच्या अंगाला जाणवतं. निमुळतं पातं नितळ पाण्यासाठी. जिगबद्दल थोडक्यात : तिथे शिसं गरीलाच ओतलेलं, म्हणजे सूत्राच्या उलट. म्हणून ते हलक्यात हलकं, एक अष्टमांश औंस वगैरे, आणि मासा थुंकायच्या आत ओढायचं. थंड पाण्यात, मे महिन्यात, छोटा मासा लावून तेच सगळ्यात चांगलं चालतं.

मापात बसणारे ठेवलेले मासे आम्ही केबिनवर तळले. वॉलआय मऊ, पांढरा, वास जवळजवळ नाही, काटे कमी. इथले लोक मैद्याच्या पिठात घोळवतात. आम्ही हळद, मीठ, कोकमाचं आगळ, घरचा मालवणी मसाला आणि वर रवा लावला. गाईडला ताट दिलं. त्याने दुसऱ्यांदा मागितलं. गालाचा मांसल तुकडा वेगळा काढून त्याने बाबांना वाढला, तो भाग इथे मानाचा.

निघण्याआधी होडीचा बूच काढून पाणी सोडलं, झाडपाला काढला. कायदाच आहे तसा, परके जीव दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. आमिषाच्या दुकानात बाबांनी लिंडीची शिशं आणि स्विव्हलं विकत घेतली. आता ते देवबागला परतलेत. कर्लीच्या मुखाशी वाळू आहे, तिथे शिसं छान चालतं म्हणतात. हातदोरीला सहा फुटांचा लीडर, म्हणजे स्विव्हलपासून गरीपर्यंतचं तंगूस, फार लांब पडतो, त्यांनी तो कापून दोन फुटांवर आणलाय. परवाच्या फोनवर शिंगाळा लागल्याचं सांगितलं. तांबोशी अजून नाही. ती खडकात बसते, आणि तिथे हे शिसं अडकतं.