बंबवाले पुरात काय करतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ह्यूस्टनच्या पुरातून आम्हाला अग्निशमन दलाने बाहेर काढलं, असं सांगितलं की सांगलीकडचं प्रत्येक माणूस हेच विचारतं, "आग विझवणारे पुरात कशाला?" आप्पांनी तर तेव्हा फोनवरच विचारलं होतं, "बंब घेऊन आले होते?"

आपल्याकडे पूर म्हटला की केशरी कपड्यांतले एनडीआरएफचे जवान डोळ्यांपुढे येतात. ते सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतून घेतलेले असतात. इथे अमेरिकेत तसं वेगळं दल नाही. देशभर शोध आणि बचावाची २८ पथकं आहेत, आणि त्यांतले बहुतेक जण एरवी आपापल्या शहराच्या फायर स्टेशनात ड्युटी करणारे. जोडीला डॉक्टर, इमारतींचे इंजिनिअर, माग काढणारी कुत्री. बोलावणं आलं की काही तासांत निघायचं. मागे त्यांची ड्युटी सहकारी करतात. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ टेक्सासवर ठाण मांडून बसलं, तेव्हा सगळीच्या सगळी २८ पथकं कामाला लागली होती.

आमचं घर ह्यूस्टनजवळच्या केटीत, बार्कर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी मागे पसरत येतं त्या भागात. फुगवटा म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको. पाऊस थांबत आला तरी पाणी चढतच होतं. जिन्याची चौथी पायरी बुडाली तेव्हा मी मोजणं सोडलं.

ते चौघे आले. आगीतला जाड कोट अंगावर नव्हता; तो पाणी पितो आणि माणसाला खाली ओढतो. हलकं हेल्मेट, लाइफ जॅकेट. कुंपणात अडकू नये म्हणून बोटीचं इंजिन बंद केलेलं, आणि दोघे छातीभर पाण्यातून ती ढकलत होते. पुढचा लांब काठीने रस्ता चाचपत होता, कारण झाकण निघालेलं मॅनहोल गढूळ पाण्यात दिसत नाही. लाल मुंग्यांचे गठ्ठे पाण्यावर तरंगत होते, ते तो काठीनेच बाजूला सारायचा. शेजारच्या भिंतीपाशी तो थबकला, वास घेतला, पाण्यात हात घालून गॅसचा कॉक फिरवला आणि मगच बोट पुढे आणू दिली. मला गॅसचा वास आलाच नव्हता.

बोटी गावातल्या लोकांनीही आणल्या होत्या. कितीतरी जीव त्यांनी वाचवले, ते मी कधी विसरणार नाही. पण फायरवाल्यांची घर बघायची रीतच निराळी. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून भिंतीला हात लावून खोली न खोली चाचपायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. पुरातही तेच करतात. मी म्हटलं, समोरचं घर रिकामं आहे, ती मंडळी डलासला गेलीत. तो मान हलवून "थँक यू, मॅडम" म्हणाला आणि तरीही गेला. दार वाजवलं, हाक मारली, कान लावून उभा राहिला. खिडकीतून आत बघून आला, मग फोनवरच्या नकाशात त्या घरावर खूण केली.

२००५ला कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या दारांवर रंगाने मोठ्या फुल्या मारलेल्या होत्या. एका बाजूला पथकाचं नाव, वर तारीख, एका बाजूला धोका काय तो, आणि खाली आत सापडलेल्या माणसांचा आकडा. शून्य असलं तरी शून्य लिहायचं. ते फोटो मी पूर्वी पाहिले होते, पण त्या दिवशी बोटीत बसल्यावर मला ते शून्य कळलं.

हे सगळं आप्पांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते जेवले होते का?"

मी म्हटलं, आप्पा, पूर आलेल्या गावावर भार नको म्हणून ते तीन दिवसांचं अन्नपाणी बरोबर घेऊनच येतात.

"ते असू दे. तू विचारायचं होतंस."