मानाची खुर्ची आणि वाटीतली मान

फिलिपिन्समधल्या मनिलातला शेवटचा शनिवार होता आणि तीन आठवडे ऑफिसच्या खालच्या फूडकोर्टात जेवून जेवून मी इतकी कंटाळले होते की आते म्हणाली चल, आज तुला पुस्तकात जेवायला नेते. आते म्हणजे माझी आत्या नव्हे. तागालोगमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, मोठ्या बहिणीला आते म्हणतात आणि मोठ्या भावाला कुया, ऑफिसात तिला सगळेच आते म्हणतात आणि पहिल्या दिवशी मला खरंच वाटलेलं की इथे कोणाची तरी आत्या कामाला आहे.

रेस्टॉरंट इंट्रामुरोसमध्ये होतं, म्हणजे स्पॅनिश लोकांनी तटबंदीच्या आत वसवलेली जुनी मनिला. नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे. आधी आम्ही फोर्ट सँटियागोला गेलो, तिथे जमिनीत पितळी पावलं बसवलीयेत, इथला राष्ट्रनायक होजे रिझाल याला स्पॅनिश सरकारने कोठडीतून गोळ्या घालायला नेलं तेव्हा तो ज्या वाटेने चालत गेला ती वाट दाखवायला. तारीख ३० डिसेंबर १८९६, वय ३५. डोळ्यांचा डॉक्टर होता हो तो, बंदूक वगैरे काही नाही, पण कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या सरकारला आणि पाद्र्यांना भयंकर झोंबल्या. दुपारचं ऊन असं की त्या पावलांवरून चालताना मला फक्त एसी दिसत होता. टांगेवाले (इथे कालेसा) मागे लागले होते, पण आते म्हणाली दहा मिनिटं तर आहे, चल चालत. दहाची पंचवीस झाली.

आत गेल्यावर जिवात जीव आला. जुन्या वाड्यासारखी लाकडी जमीन, शिंपल्यांच्या तुकड्यांच्या खिडक्या (काचेऐवजी कापीस नावाचे पातळ शिंपले लावतात, जुन्या गोव्याच्या घरांत असतात ना अगदी तशाच), आणि भिंतीवर सगळीकडे रिझालची पहिली कादंबरी. 'नोली मे तांगेरे', १८८७ साली बर्लिनला छापलेली, स्पॅनिशमध्ये लिहिलेली. हस्ताक्षराच्या मोठ्या फ्रेमा, ताटाखालच्या कागदावर एकेक प्रकरण आणि मेनूत पदार्थांना पात्रांची नावं. १९५६ च्या कायद्याने ही कादंबरी इथल्या शाळा-कॉलेजात सक्तीची आहे, त्यामुळे मेनू वाचताना बाजूच्या टेबलावरची मंडळी शाळेच्या आठवणी काढून हसत होती आणि मी एकटीच परीक्षेला अभ्यास न करता आल्यासारखी बसले होते.

मग आतेने शिकवणी घेतली. गोष्ट सुरू होते तीच एका जेवणावळीने. युरोपात शिकून सात वर्षांनी परत आलेला इबारा हा हिरो, त्याच्यासाठी कापितान तियागो नावाचा श्रीमंत माणूस पार्टी देतो. टेबलाच्या टोकाची मानाची खुर्ची, तिच्यावर दोन पाद्र्यांचा डोळा, एक सिबिला आणि एक दामासो. आपण बसा, छे छे आपण बसा, असं वरवर आणि आतून दोघांनाही तीच हवी. हे ऐकताना मला आमच्या गावची लग्नं आठवली, व्याह्यांची पंगत, कोणाचा पाट कुठे आणि कोण रुसून मांडवाबाहेर जाऊन उभं. खुर्ची शेवटी सिबिलाला मिळते. मग तिसऱ्या प्रकरणात येते तिनोला, म्हणजे आलं घातलेला चिकनचा पातळ रस्सा, आणि दामासोच्या वाट्याला येतात भोपळ्याच्या फोडी, उघडीबोडकी मान आणि एक चिवट पंख. इबाराच्या ताटात मात्र कलेजी आणि सगळे चांगले पीस. दामासो चिडतो, चमचा आदळतो, ताट ढकलून देतो. म्हणजे मानाची जागा नाही मिळाली आणि वाटीत मान आली! आतेला हा विनोद इंग्रजीत सांगायचा मी प्रयत्न केला, नाही जमला.

अर्थातच आम्ही तिनोला मागवली. प्रत्येकीला वेगळा बाऊल. वर हिरवा पाला तरंगत होता, एक घास खाल्ला आणि म्हटलं अरे हा तर शेवग्याचा पाला! मालुंगाय म्हणतात ते त्याला, आणि फोडी कच्च्या पपईच्या. आपल्याकडे पाल्याची सुकी भाजी होते, इथे तोच पाला शेवटी रश्शात टाकतात. चव एकदम साधी, आजारी माणसाला द्यावी तशी, मसाला शून्य, आलं भरपूर, वरून पातिस नावाचं माशाचं खारट पाणी. आते म्हणाली पुस्तकात पपई नाही, भोपळा आहे, हे लोक चीटिंग करतात. मी ऐकत ऐकत चमचा खाली घातला आणि वर आली मान. अख्खी. परत घातला तर पंखाचं टोक. तिसऱ्यांदा काहीच नाही, पपई. आतेच्या बाऊलमध्ये मात्र मांडीचा पीस.

आता बघा, मी मेसमध्ये चार वर्षं काढलेली बाई आहे. वाढपी ओळखीचा असेल तर पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं हे मला माहितीये, पण पाचशे पेसोच्या आसपास देऊन मान? मी कुयाला (वेटरलाही कुयाच म्हणतात) हाक मारली आणि बाऊल दाखवला. तो वाकला, नीट बघितलं आणि चेहऱ्यावरची माशीही न हलवता म्हणाला, 'मॅम, चॅप्टर थ्री.' मुद्दाम केलं की किचनमधून आलं तसं आणून ठेवलं आणि वेळेवर सुचलं, मला अजून कळलेलं नाही. आते हसून हसून टेबलावर पडायची बाकी होती. बदलून काही दिलं नाही, बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज मात्र लावला, ही माझी तक्रार.

दामासो हे नाव इथे नुसतं पात्राचं राहिलेलं नाहीये. ढोंगी पाद्री म्हणजे दामासो. २०१० मध्ये कार्लोस सेल्द्रान नावाचा टूर गाइड रिझालसारखा वेष करून मनिला कॅथेड्रलमध्ये नुसतं 'दामासो' लिहिलेला बोर्ड धरून उभा राहिला, चर्च संततिनियमनाच्या कायद्याला विरोध करत होतं म्हणून, तर त्याला अटक झाली आणि धार्मिक भावना दुखावल्याची केस चालून शिक्षाही सुनावली. ते कॅथेड्रल आम्ही जेवत होतो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १८८७ चं पात्र आणि केस २०१० ची! मी मान चघळत ऐकत होते.

बाकीचं पटकन सांगते. पाएया (स्पॅनिश पद्धतीचा भात) बरा होता, केशराचा रंग होता, केशर असेल असं वाटलं नाही. कारे-कारे मात्र आवडला, एरवी त्यात बैलाची शेपटी असते, आम्ही माशाचा मागवला. घट्ट शेंगदाण्याचा रस्सा, डोळे मिटून खाल्लं तर दाण्याची आमटी, फक्त उपासाला चालणार नाही कारण सोबत बागोओंग, आंबवलेल्या जवळ्याची चटणी. १७६२ ते ६४ मनिला इंग्रजांकडे होती, त्यांच्यासोबत मद्रासहून आलेले काही शिपाई इथेच राहिले आणि हा पदार्थ त्यांच्या करीवरून आला असं म्हणतात, आतेला ते अजिबात मान्य नाही.

शेवटी मोगऱ्याचं आइस्क्रीम. साम्पागिता म्हणजे आपला मोगराच, त्यांचं राष्ट्रीय फूल. पहिला चमचा तोंडात गेला आणि लग्नाच्या हॉलच्या दारात उभी असल्यासारखं वाटलं, गजऱ्यांच्या परडीसमोर. मी दोन घेतली.

घरी आल्यावर रविवारी पुण्यात तिनोला केली. शेवगा सोसायटीतलाच, पातिस नव्हतं म्हणून मीठ. आईने वास घेऊन विचारलं कोणाला ताप आलाय का. बाबांना पूर्ण गोष्ट सांगितली, खुर्ची, पाद्री, मान, सगळं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, बरं, मग ती मान कुठंय, इकडे दे, त्यातच तर मजा असते.