पाल्पाच्या डोंगरात बूट पोचवताना

एप्रिलअखेर शाळांना सुट्टी लागली की घरोघरी मुलांचे आखूड झालेले बूट निघतात. दान करायला बूट जमवायचे तर हाच काळ उत्तम. दिवाळीच्या साफसफाईतही ढीग येतो, पण त्यातले बरेचसे वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेले असतात. वरून अगदी नवे. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) सोल मात्र न वापरताही दमट हवेने आतून कुजतो आणि पायात घालून चालू लागलं की त्याचा भुगा होतो. म्हणून प्रत्येक बूट हातात घेऊन सोल वाकवून बघा. भेग दिसली की तो बाद, देणारा कितीही जवळचा असो.

आमचे बूट गेले नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात, तानसेन शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या एका सरकारी शाळेत. मुलं डोंगरवाटांनी चालत येतात, बहुतेकांच्या पायात रबरी चपला. पावसाळ्यात त्याच बऱ्या म्हणायच्या, कारण भिजलेला बूट तिथे लवकर वाळत नाही. पण थंडीत टाचा उलतात. आणि अनवाणी पायांनी ओल्या मातीत वावरलं तर अंकुशकृमीच्या अळ्या कातडीतून थेट शरीरात शिरतात.

गोळा करण्याआधी मापं मागवा. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. तिथल्या शिक्षकांनी एकेका मुलाला कागदावर उभं करून पाऊल आखलं, खाली हजेरी क्रमांक टाकला आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये व्हॉट्सअॅपवर कळवलं. आपला ४ नंबर आणि तिकडच्या दुकानातला ३७ यांचा मेळ घालत बसण्यापेक्षा हे सोपं. पुठ्ठ्याची पट्टी आत सरकवून बुटाचीही लांबी मोजायची आणि आकडा मार्करने सोलवर लिहायचा. पायापेक्षा बूट साधारण एक सेंटिमीटर मोठा हवा. छोट्यांचे जोड भरपूर जमतात, कारण पाय वाढतो आणि बूट फाटायच्या आत आखूड होतो. आठवीच्या पुढच्या मुलांचे मिळतच नाहीत. ती बूट फाटेपर्यंत वापरतात.

जोडीच्या नाड्या एकमेकींना बांधा, खोकी फेका, गोण्या भरा. मोजे मात्र नवेच घ्या.

कुशीनगर एक्स्प्रेस नाशिक रोडहून थेट गोरखपूरला जाते. स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. लहान मुलांचा जोड सरासरी अर्धा किलोचा धरला तर चौघांत बराच माल जातो. पुढे सीमेवरच्या सोनौलीपर्यंत बस किंवा जीप.

सीमेवर माणसांना अडचण नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा, नुसत्या आधारवर विसंबू नका. सामानाचं तसं नाही. भारतातून आणलेल्या शंभर नेपाळी रुपयांवरच्या वस्तूला शुल्क भरायचं, या नियमाची तिथे २०२३ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली. त्यामुळे शाळेचं नेपाळीतलं पत्र, वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयाची शिफारस आणि जोडांची अंदाजे किमतीसह यादी घेऊन सरळ भन्सार कार्यालयात, म्हणजे त्यांच्या कस्टम्समध्ये जा. तरी सूट मिळेलच असं धरू नका. ‘दानाचं आहे हो’ एवढ्यावर कोणी सोडत नाही. सोडावं तरी का? शुल्काचे पैसे आणि मोकळा अर्धा दिवस हिशेबात ठेवा. गोण्या गुपचूप पलीकडे नेऊन देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. ट्रकभर माल असेल तर तिथल्या समाज कल्याण परिषदेशी संलग्न संस्थेमार्फतच पाठवा.

तानसेनच्या वाटेवरचं बुटवल शहर सोडलं की सिद्धबाबाचा घाट लागतो. पावसाळ्यात इथे दरड कोसळते, म्हणून तर बोगद्याचं काम काढलंय. दसैं-तिहारच्या, म्हणजे तिकडच्या दसरा-दिवाळीच्या, सुट्ट्या संपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यावर जाणं बरं. शनिवार टाळा, शाळा बंद असते.

मोठ्या मुलांसाठी आम्ही बुटवलला ‘गोल्डस्टार’ घेतले. नेपाळातच बनणारे, हलके, डोंगरात घट्ट पकड असलेले. भारतीय शंभराचे नेपाळी १६० होतात आणि शंभराच्या नोटा सहज चालतात. मला विचाराल तर इथून फक्त चांगले स्पोर्ट शूज न्यावेत आणि गणवेशाचे काळे बूट तिथेच विकत घ्यावेत. माप चुकलं तर दुकानदार बदलून देतो, शुल्काची कटकट नाही आणि गावच्या दुकानाचा धंदाही होतो.

वाटपाचा समारंभ करू नका. पिशव्यांवर हजेरी क्रमांक घालून त्या वर्गशिक्षकांकडे द्या. मुलं घालून चार पावलं चालली की कुणाला कुठे टोचतंय ते लगेच कळतं. आम्ही फोटो फक्त बुटांचे काढले. देणाऱ्यांपैकी एक-दोघे थोडे हिरमुसले, पण त्याला इलाज नाही.

परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. छठ आटोपून मुंबईकडे निघालेल्यांनी त्या दिवसांत गोरखपूरच्या गाड्या ओसंडत असतात. आरक्षण नसेल तर रिकाम्या हातांनीही डब्यात शिरता येत नाही.