पडद्यावरचे चित्रकार आणि कीर्तिमंदिराची भिंत

चित्रकाराविषयी भाषण ऐकण्यापेक्षा त्याला काम करताना पाहावे, असे आमच्या चित्रकलेच्या सरांचे ठाम मत होते. त्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खटपट करून सरकारसाठी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजन या संस्थेचे रीळ मिळवले आणि शाळेच्या सभागृहात पांढरी चादर ताणून आम्हाला सत्यजित राय यांचा १९७२ सालचा ‘द इनर आय’ हा माहितीपट दाखवला.

जेमतेम वीस मिनिटांच्या या माहितीपटाचा विषय आहे शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, ज्यांच्याकडे राय स्वतः शिकले होते. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर बिनोदबाबूंची दृष्टी गेली, तरीही स्पर्शाच्या आधारे त्यांचे काम चालूच राहिले. मला मात्र सर्वांत जास्त भावले ते शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातील मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र. चुन्याचा गिलावा ओला असेपर्यंतच त्यावर रंग लावायचा असतो, कारण सुकताना तो रंग भिंतीत कायमचा पकडला जातो आणि मग चूक सुधारायला फारसा वाव उरत नाही, हे सरांनी आधीच समजावले होते; त्यामुळे कॅमेरा संतांच्या त्या गर्दीवरून सावकाश सरकू लागला तेव्हा प्रत्येक रेषेमागची घाई आणि खात्री आम्हाला एकदमच जाणवली.

पुढे सर आम्हाला कीर्तिमंदिरात, म्हणजे बडोद्यातील गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, घेऊन गेले. तेथील गंगावतरण, मीरा आणि महाभारत युद्धाची भित्तिचित्रे नंदलाल बोस यांची, आणि नंदलाल हे बिनोदबाबूंचे गुरू. बिनोदबाबूंचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन तर आपल्या बडोद्याच्याच ललित कला विद्याशाखेत शिकवत होते. एका चित्रकाराचा प्रभाव दुसऱ्यावर कसा उतरतो, हे मला त्या भिंतीसमोर उभे असताना उमगले.

नंतर मी फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो यांचा १९५६ सालचा पिकासोवरील चित्रपटही पाहिला. त्यात पातळ कागदावर पाझरणारी शाई मागील बाजूने चित्रित केल्यामुळे रेष आपोआप उमटल्यासारखी दिसते. तंत्र म्हणून तो प्रकार विलक्षणच आहे. पण चित्रकाराचे गुरू, त्याचे गाव, त्याने मनात साठवलेली दृश्ये, यांचा माग काढणारा राय यांचा माहितीपट मला अधिक मोलाचा वाटतो.

आज शाळेत पडद्याची सोय आहे. तो माहितीपट नववीच्या मुलांना दाखवावा आणि त्याच आठवड्यात त्यांना कीर्तिमंदिरात न्यावे, अशी माझी शाळेला मनापासून विनंती आहे.