हानलेच्या खोऱ्यात पोहोचताना

लडाखच्या हानलेला जायचं तर आधी कागद तयार करावे लागतात, मग शरीर. कागदाचं काम सोपं. सीमेलगतचा भाग असल्यामुळे इनर लाइन परमिट लागतं, ते ऑनलाइन निघतं. प्रिंट मात्र जास्तीच्या काढा, वाटेतल्या चौक्यांवर प्रत ठेवून घेतात.

शरीराला घाई चालत नाही. लेह ३,५०० मीटरवर, हानले त्याहून बरंच वर. डोकं दुखायचं पूर्ण थांबेपर्यंत मी लेह सोडलं नाही. विमानातून उतरून लगेच चांगथांगकडे, म्हणजे हानले ज्यात येतं त्या उंच पठाराकडे, गाडी काढणारी मंडळी भेटतात; कृपा करून तसं करू नका.

उपशीपासून रस्ता सिंधूच्या कडेने जातो: चुमाथांग, माहे, न्योमा. लोमाला नदी ओलांडली की हानले नदीचं रुंद, सपाट खोरं उघडतं. दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, मधे पाणथळ कुरणाची हिरवी पट्टी. चांगपा या भटक्या पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या, याक सगळे त्या पट्टीच्या आधारानं जगतात. माणसांच्या मोजक्या वाड्या, त्याही लांब लांब.

मी सातारा जिल्ह्यातली. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि आमचा माण कोरडा, हे लहानपणापासून पाहिलेलं. इथं ढग अडवायला सह्याद्रीच्या जागी हिमालय आहे. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. हानलेत तर हवा इतकी सुकी की ओठ फुटून रक्त आलं. पण हवेत बाष्प कमी, ढग कमी, वस्ती विरळ, म्हणूनच तर भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं इथल्या ४,५०० मीटर उंचीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण (नाव खगोलशास्त्रज्ञ सुब्रमण्यन चंद्रशेखर यांच्यावरून) बसवली. ती चालवतात बंगळुरूजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. आपल्याला दमवणारी विरळ, कोरडी हवाच दुर्बिणीला हवी असते, हे तिथं धापा टाकताना मला नीट कळलं.

२०२२ पासून हा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपण्यासाठी राखलेला भाग, आहे. आम्ही उतरलो त्या घरातल्या आमा-ले (लडाखीत आईला आदरानं म्हणतात तसं) संध्याकाळी आधी जाड पडदे ओढायच्या, कडा खिडकीच्या चौकटीत खोचायच्या, मगच दिवा लावायच्या. दुर्बिणीतून तारे दाखवायला गावातल्याच तरुणांना शिकवून तयार केलंय. आमच्या शेजारच्या मुलीनं शनीची कडी दाखवली आणि प्रश्नांना न कंटाळता उत्तरं दिली.

जाणार असाल तर अमावास्येच्या आसपासच्या रात्री गाठा, आणि गाडीची टाकी लेहलाच भरून घ्या.