आमची वाटचाल : टूलचे वर्णन हेच आमचे काम

मोबाइल ॲपच्या चाचण्या घेणारी छोटी कंपनी म्हणून आम्ही पुण्यात सुरुवात केली, तेव्हा आमचे भांडवल म्हणजे जुन्या-नव्या अँड्रॉइड फोनचे एक कपाट, ॲपियम या स्वयंचलित चाचणीच्या साधनाच्या स्क्रिप्ट आणि माझ्या पहिल्या भागीदार, ज्यांना आजही ऑफिसात सगळे ताई म्हणतात. युआय ऑटोमेटर या अँड्रॉइडच्या चाचणी-साधनाने स्क्रीनवरील घटकांची यादी (डंप) काढून त्यातला एकेक घटक (नोड) वाचण्याची ताईंची चिकाटी मी दुसऱ्या कोणात पाहिलेली नाही. कोणत्या बटणाचे कंटेंट डिस्क्रिप्शन (स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठीचे वर्णन) रिकामे आहे, कुठे दोन घटकांचे बाउंड्स (सीमा) एकमेकांवर चढले आहेत, हे त्या फोन हातात न घेता सांगतात.

पुढची वर्षे नियमित चाचण्यांत गेली. जून 2023 मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग (भाषा-मॉडेलने ठरावीक काम करणारे ‘टूल’ निवडून वापरण्याची सोय) आणले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ॲन्थ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (मॉडेलला अशी टूल जोडण्याची समान पद्धत) खुला केला, तेव्हा ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगितले की टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरणाऱ्याला जे बटण ओळखता येत नाही, ते ॲक्सेसिबिलिटी ट्रीवर (स्क्रीनवरील घटक व त्यांची वर्णने यांच्या रचनेवर) चालणाऱ्या एजंटलाही, म्हणजे स्वतः ॲप चालवणाऱ्या एआय प्रोग्रामलाही, ओळखता येणार नाही. मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही; नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याची रचना) एवढ्यावरच ते निर्णय घेते. म्हणून हा मजकूर लिहिणे हेच आम्ही आमचे मुख्य काम ठरवले.

या कामाचे पैसे द्यावे लागतात, हे मात्र बाजाराला मान्य नव्हते. कोल्हापूरचे एक औषध वितरक आमचे सर्वांत जुने ग्राहक. विक्री प्रतिनिधीने फोनवर बोलून ऑर्डर भरावी, यासाठी त्यांना एजंट हवा होता. ते काम आमच्या दराच्या निम्म्याहून कमी पैशांत दुसऱ्या एका कंपनीने उचलले. कोडमधल्या कॉमेंटवरून वर्णने आपोआप तयार होतात, त्यासाठी माणूस कशाला, असे त्यांनी मालकांना सांगितले. तेच ऐकून आमचे आणखी दोन ग्राहक गेले, ओव्हरड्राफ्ट मर्यादेला टेकला आणि पगारासाठी कपाटातले चांगले फोन विकावे लागले. ते दिवस मी विसरलेलो नाही.

त्या आपोआप झालेल्या वर्णनांत एक ओळ रद्द करणारे आणि पूर्ण ऑर्डर रद्द करणारे अशा दोन्ही टूलपुढे ‘ऑर्डरमधून काढते’ एवढेच लिहिले होते. एका प्रतिनिधीने एक औषध कमी करायला सांगितले आणि एजंटने दुकानदाराची अख्खी ऑर्डर पुसली. नगसंख्येच्या पॅरामीटरला एकक नव्हते, त्यामुळे स्ट्रिप मागितल्या तिथे बॉक्स गेले. टॅपचे निर्देशांक (स्क्रीनवरील जागेचे आकडे) एकाच फोनवरून घेतलेले असल्याने मोठ्या स्क्रीनवर बोट भलत्याच ठिकाणी पडत होते. मालकांनी स्वतः फोन केला आणि म्हणाले, ‘साहेब, ताईंना घेऊन या.’

ताईंनी ते वर्णन असे लिहिले : ‘सेव्ह न झालेल्या ऑर्डरमधील एकच औषध काढते. बाकीच्या ओळी तशाच राहतात. पूर्ण ऑर्डर रद्द करायची असल्यास हे टूल वापरू नये. औषधाचा कोड आधी शोध-टूलने मिळवावा. नावावरून अंदाज करू नये. ओळ न सापडल्यास सध्याच्या ओळींची यादी परत येते.’ नगसंख्येपुढे ‘स्ट्रिपमध्ये, बॉक्स सांगितल्यास आधी पॅकिंग तपासावे’ अशी नोंद आली. निर्देशांक काढून टाकून रिसोर्स आयडी (घटकाचे ॲपमधील ओळखनाव) घेतले. हाच मजकूर काही महिन्यांनी त्या कंपनीच्या सादरीकरणात शब्दशः दिसला, खाली त्यांचे बोधचिन्ह होते. आमचा उल्लेख कुठेही नव्हता आणि आम्ही पाठवलेल्या पत्राला आजवर उत्तर आलेले नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. टूल काय करते याइतकेच ते कधी वापरू नये हे लिहा, आणि ‘वर स्वाइप’ असे मोघम न लिहिता बोट कोठून कोठे जाते व यादीचा कोणता भाग पुढे येतो हे सांगा. जिथे ठरावीक पर्याय आहेत तिथे मोकळा मजकूर न घेता स्कीमात एनम (पर्यायांची ठरलेली यादी) द्या. ‘त्रुटी आली’ एवढेच परत करणारे टूल एजंटला तेच चुकीचे पाऊल पुन्हा टाकायला लावते. पुढे काय करावे हे त्या संदेशातच असावे. प्रोटोकॉलमधील डिस्ट्रक्टिव्ह हिंट (टूल माहिती पुसू शकते असे सांगणारी खूण) ही केवळ सूचना आहे, ती कुलूप नव्हे. पुसण्याआधीची खात्री ॲपनेच करून घेतली पाहिजे. आणि लिहिलेले वर्णन ॲप कधीही न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला जी शंका येईल, तिथेच मजकूर अपुरा आहे.

सध्या त्याच वितरकांच्या परत येणाऱ्या मालाचे टूल हातात आहे. मुदत संपलेला आणि फुटलेला माल ॲपमध्ये एकाच बटणाखाली नोंदवला जातो. ती दोन कारणे वेगळी केल्याशिवाय वर्णन देणार नाही, असे ताईंनी मालकांना लेखी कळवले आहे आणि मालकांनी ते मान्य केले आहे.